गुडघ्याची वाटी आणि दुकानाची पावती

गेल्या दिवाळीच्या आधी सेलूहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन आम्ही पोमेरेनियन जातीचे एक मादी पिल्लू विकत आणले. ज्या दुकानातून ते आणले, त्या दुकानाने विक्रीनंतर दाखवलेली वागणूक आणि पिल्लाच्या गुडघ्याच्या विकारावर पुढे परभणीत मिळालेले उपचार यांविषयी हा अभिप्राय आहे. दुकानाशी चाललेला वाद अद्याप मिटलेला नसल्यामुळे त्याचे नाव येथे देत नाही.

दुकानाच्या चांगल्या बाजू आधी सांगणे न्यायाचे होईल. जागा स्वच्छ होती, पिंजऱ्यांना वास नव्हता, पिल्लाचे वय दोन महिन्यांहून अधिक होते आणि लसीकरणाच्या पुस्तिकेत पहिल्या लसीची व जंताच्या औषधाची नोंद होती. पिल्लाची किंमत चौदा हजार रुपये ठरली. वंशावळीचे कागद हवे असतील तर चार हजार रुपये अधिक पडतील असे सांगण्यात आले आणि तेही आम्ही दिले. केनेल क्लबच्या, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, त्या कागदावरून पिल्लाचे आईबाप कोण हे कळते, परंतु आईबापांचे किंवा पिल्लाचे गुडघे कसे आहेत याविषयी त्यात एक अक्षरही नसते, हे आमच्या उशिरा लक्षात आले. चकचकीत कागद हातात पडला की तो आरोग्याचा दाखलाच आहे असे आपण धरून चालतो, आणि दुकानदारही तो गैरसमज दूर करण्याची घाई करत नाही.

पिल्लाचे नाव आम्ही चिंगी ठेवले. ती घरी आल्यानंतर नवव्या दिवशी मुलीने सांगितले, की ती लंगडी घालते. वर्णन अगदी नेमके होते. धावता धावता ती मागचा डावा पाय वर उचलून तीन-चार पावले उड्या मारत जाई, मग पाय एकदा झटकून पुन्हा चारही पायांवर अशी पळे, की जणू काही घडलेच नव्हते. ती रडत नव्हती, पायाला हात लावू देत होती आणि खाणेही व्यवस्थित होते, म्हणून पहिले दोन दिवस आम्ही तो खेळच समजलो.

आमच्या वडिलांना, अण्णांना, मात्र हा प्रकार ओळखीचा वाटला. त्यांच्या एका बैलाचा मागचा पाय चालताना ताठ होऊन मागेच अडकत असे आणि झटका देऊन सुटत असे. तालुक्याच्या डॉक्टरांनी गुडघ्याजवळची एक शीर कापली आणि बैल त्याच दिवशी सरळ चालू लागला होता. तेव्हा या पिल्लाचेही तसेच करून टाकावे, असे त्यांचे मत पडले. आम्ही चिंगीला आमच्या भागातील पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी हसून सांगितले, की अण्णांचे निदान अर्धे बरोबर आहे. बैलाच्या गुडघ्याची वाटी खालच्या हाडाशी बांधणारे तीन बंध असतात आणि वाटी वर जाऊन अडकते, म्हणून आतला बंध कापला की काम होते. कुत्र्याला तो बंध एकच असतो आणि त्याची वाटी वर न अडकता बाजूला, लहान जातींत बहुधा आतल्या बाजूला, सरकते. आपले रोजचे काम गाई-म्हशींचे असल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जाण्याचा सल्ला दिला. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटला.

परभणीतील तपासणीविषयी तक्रारीला जागा नाही. डॉक्टरांनी आधी चिंगीला अंगणात चालवून व पळवून पाहिले, मग कुशीवर निजवून पाय सरळ केला, पोटरीचे हाड किंचित आत वळवले आणि अंगठ्याने वाटी आतल्या बाजूला दाबली. ती टक्‌ करून सरकली. पाय वाकवून पुन्हा सरळ केल्यावर ती जागेवर आली. माझा अंगठा तेथे ठेवून त्यांनी मलाही ते जाणवू दिले. या विकाराच्या चार पायऱ्या मानतात: पहिलीत वाटी दाबल्यावर सरकते आणि सोडताच परत येते, दुसरीत ती आपोआपही सरकते आणि पाय हलवल्यावर किंवा हाताने ढकलल्यावर जागेवर येते, तिसरीत ती बहुतेक वेळ जागेबाहेरच असते, तरी हाताने बसवता येते, चौथीत ती हातानेही बसत नाही. चिंगीचा डावा पाय दुसऱ्या पायरीवर निघाला आणि ज्या उजव्या पायाविषयी आम्हाला शंकाही नव्हती, तो पहिल्या पायरीवर. हा विकार पुष्कळदा दोन्ही पायांत असतो.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते आणि मांडीच्या स्नायूची दोरी वाटीला घेऊन त्या खाचेतून, रहाटावरून दोर जावा तशी, वरखाली जाते. लहान जातींमध्ये ही खाच उथळ असते किंवा दोरीची ओढ तिरपी असते, आणि वाढत्या वयात ती तिरपी ओढ हाडालाही वाकवत जाते. म्हणून वाढ पूर्ण होईपर्यंत ठरावीक अंतराने पाय पुन्हा तपासावा लागतो. शस्त्रक्रियेत खाच खोल करतात, दोरी पोटरीच्या हाडाला जेथे चिकटते तो उंचवटा सरकवतात आणि सांध्याचे सैल आवरण घट्ट शिवतात. वेदना नसलेल्या दुसऱ्या पायरीला लगेच सुरी लावण्याची गरज नाही, पायरी वाढली किंवा पाय वारंवार उचलला जाऊ लागला तर विचार करू, असे आम्हाला सांगण्यात आले.

आता दुकानाकडे वळतो. फोनवर मिळालेले पहिले उत्तर असे होते: "सर, कॅल्शियमचे सिरप द्या, तेलाने मालिश करा, महिन्यात बरे होईल." उथळ खाच सिरपने खोल होत नाही. दुसरे उत्तर असे, की पिल्लू तुमच्या घरी पडले असेल. दोन्ही गुडघे सैल असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र पाठवल्यावर तिसरे उत्तर आले, की हे परत करा आणि दुसरे घेऊन जा. मिक्सर बदलून द्यावा तसा हा प्रस्ताव होता. विकार बहुतांशी आनुवंशिक असल्याने अशा मादीची पैदास करू नये, हे आम्ही त्यांना सांगून पाहिले. परत घेतलेल्या पिल्लाचे ते काय करणार, याचे उत्तर मिळाले नाही. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. तो क्रमांक मागितला, तोही मिळाला नाही.

पावतीच्या तळाशी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास व पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. चिंगीला माल म्हणणे जिवावर येते, पण कायद्याची भाषा तीच आहे. आम्ही सोळाव्या दिवशी लेखी तक्रार दिली. पिल्लू परत करायचे नाही, वंशावळीच्या कागदाचे चार हजार परत द्यावेत आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली तर तिचा निम्मा खर्च उचलावा, एवढीच मागणी आहे.

पाचपैकी दोन तारे देतो, तेही स्वच्छतेला आणि लसीच्या खऱ्या नोंदीला. पैसे देण्यापूर्वी पिल्लाचे दोन्ही मागचे गुडघे आमच्या पसंतीच्या डॉक्टरांनी तपासू दिले असते, तर तपासणीला पाच मिनिटेही लागली नसती आणि आम्ही कदाचित हेच पिल्लू डोळे उघडे ठेवून घेतले असते.

घरातील गुळगुळीत फरशीवर आता जुन्या सतरंज्या आणि तरटाची पोती अंथरली आहेत, पंजांमधील केस कापले जातात, दिवाणावर उडी मारण्यास बंदी आहे आणि अण्णांनी चोरून पेढा भरवणे जवळजवळ थांबवले आहे, कारण वाढलेले वजन थेट त्या गुडघ्यावर पडते. माणसांची वेदनाशामक गोळी द्यायची नाही, हेही परभणीत बजावून सांगितले होते. आयबुप्रोफेनसारख्या औषधाने कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना इजा होते. चिंगी अजूनही दिवसातून एक-दोनदा लंगडी घालते. पुढची तपासणी फेब्रुवारीत आहे, आणि दुकानाने लेखी उत्तरासाठी मागितलेले पंधरा दिवस येत्या शुक्रवारी संपतात.