लेखी निबंध की ऑडिओ निबंध? लेखनाच्या वर्गाला काय द्यायचं ते ठरवताना

पुढच्या सत्रात लेखनाच्या वर्गाला ऑडिओ निबंध द्यावा, की आपला नेहमीचा लेखीच बरा, असं डोक्यात घोळत असेल तर हे तुमच्यासाठी. मी दोन्ही देऊन बघितलेत, आणि दोघांच्या मधलं एक भलतंच प्रकरणही नकळत देऊन बसलोय, त्याबद्दल आधी सांगतो कारण पहिल्यांदा करणारे बहुतेकजण तिथेच जाऊन आपटतात.

मधलं प्रकरण म्हणजे, आधी हजार शब्दांचा निबंध लिहा आणि मग तोच वाचून रेकॉर्ड करा. सोपं वाटतं. हातात येतं ते बातमीपत्र. मुलं स्वतःचाच निबंध दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाचतात, सपाट सुरात, कधी एकदा संपतंय असं, आणि ऐकणाऱ्यालाही तेच वाटत राहतं. मागे जाऊन ओळ परत वाचायची सोय गेली, तळटीप गेली, आणि आवाजामुळे जे मिळायला हवं होतं ते काही आलं नाही. हा पर्याय खोडून टाका. एका कामासाठी तो फार चांगला आहे, पण ते शेवटी.

उरले दोन. लेखी निबंध तुम्हाला माहीतच आहे. ऑडिओ निबंध म्हणजे चार-पाच मिनिटांचा, मुळातच कानासाठी रचलेला तुकडा. त्यात स्वतःचा आवाज, कुणाचं तरी बोलणं, जागेचे आवाज, मुद्दाम ठेवलेली शांतता, आणि या सगळ्यातून पुढे सरकणारा एक विचार. पॉडकास्ट हा शब्द मी वर्गात वापरायचा सोडलाय, कारण तो ऐकला की मुलं जोडीजोडीने बसून गप्पा मारतात, सुरुवातीला म्युझिक लावतात आणि विचाराचा पत्ताच नसतो.

आता तुलना. सगळ्यात मोठा फरक मला वाक्यात दिसतो. लेखी निबंधात मुलांची एक ठरलेली भाषा असते, शाळेपासून अंगात मुरलेली, आणि ती कितीही लाल शाई वापरली तरी जात नाही. एका मुलीच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं, ‘सदर समस्येच्या निराकरणासाठी विविध स्तरांवर करण्यात येत असलेल्या प्रयत्नांचा परामर्श घेणे क्रमप्राप्त ठरते.’ माईकसमोर तिला ‘असलेल्या’पाशी श्वास पुरेना. तीन टेक झाले. चौथ्याला ती वैतागून थांबली आणि मैत्रिणीला म्हणाली, ‘अगं म्हणजे सगळेच खटपट करतायत, पण कोण काय करतंय ते एकमेकांना माहीतच नाही.’ रेकॉर्डिंग चालूच होतं. तिने तेच वाक्य ठेवलं, आणि माझ्या मते त्या निबंधातलं पहिलं खरं वाक्य तेच होतं. मी कागदावर ‘सोपं लिही’ असं शंभरदा लिहिलं असतं तरी हे झालं नसतं, कारण कागदावर ते वाक्य बरोबरच दिसतं, तोंडात मात्र बसत नाही.

मराठीत याला अजून एक पदर आहे. लिहिताना आपण ‘केले, गेले, असे’ लिहितो आणि बोलताना ‘केलं, गेलं, असं’. ऑडिओसाठी लिहायला बसलं की मुलं पहिल्या ओळीतच अडतात, कुठलं वापरू? या एका प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला होता, आणि तो तास मला कुठल्याही व्याकरणाच्या तासापेक्षा बरा वाटला, कारण आपण कुणाशी बोलतोय हे ठरल्याशिवाय त्याचं उत्तर येत नाही. काहींनी घरची बोली ठेवली. काहींनी ती दाबली आणि नंतर का दाबली ते लिहिलं.

आता लेखीच्या बाजूने, कारण ती बाजू कमी नाही. युक्तिवाद गुंतागुंतीचा असेल, चार स्रोत एकमेकांशी भांडत असतील, आकडे तपासायचे असतील, तर लेखीच द्या. कानाला आकडे झेपत नाहीत. ‘४७.३ टक्के’ ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन सेकंदही टिकत नाही, त्याचं ‘जवळपास निम्मे’ करावं लागतं, आणि मग बारकावा गेला. संदर्भही बोलूनच द्यायचा, कोण म्हणतंय, कधी म्हटलंय, हे वाक्यातच गुंफायचं. ते जमलं तर छानच पण पहिल्या खेपेला जमत नाही. ऑडिओत एका निबंधात एकच मुद्दा मावतो, फार तर दीड. पाच मिनिटांना साधारण सहाशे शब्द धरा, त्यातही आवाज आणि शांतता घातली की पाचशेच्या आतबाहेर. हजार शब्दांच्या लेखी निबंधात जेवढा मजकूर येतो त्याचा निम्माच इथे येणार, हे आधी मान्य करा आणि मुलांनाही सांगा, नाहीतर ती दुप्पट वेगाने बोलतात.

आणि तपासणी! हे कुणी सांगत नाही. वर्गात चाळीस मुलं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे नुसतं एकदा ऐकायलाच २०० मिनिटं, तीन तास वीस मिनिटं. लेखी निबंध चाळता येतो, कमकुवत परिच्छेद नजरेला लगेच सापडतो, ऑडिओ चाळता येत नाही. शेरा द्यायचा तर थांबवा, वेळ टिपा, लिहा, परत चालू करा, म्हणजे दुप्पट धरा. वर्ग मोठा असेल आणि तुम्ही एकटेच असाल तर तीन मिनिटांची मर्यादा घाला, किंवा दोघांत एक निबंध द्या. दोघांत दिला की एक बोलतो आणि दुसरा एडिट करतो असं होतं, तो त्रास वेगळा.

साधनांचं मी फार लांबवत नाही. फोनचा माईक पुरतो, खरंच पुरतो. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे प, फ, भ आले की माईकवर फुस्स होत नाही. पंखा बंद. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर बसलं की खोली घुमत नाही. कुठेही रेकॉर्ड केलं तरी त्या जागेची तीसेक सेकंदांची नुसती शांतता वेगळी घ्यायला लावा, कापाकापी केल्यावर सांधे झाकायला तीच लागते. बाहेरचा माईक असेल तर उत्तम, पण त्यामुळे निबंध सुधारत नाही.

आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये खरी निवड ऑडॅसिटी आणि गॅरेजबँड यांच्यातच होते. गॅरेजबँड दिसायला गोड, शिकायला सोपं, पण फक्त ॲपलच्या मशीनवर, म्हणजे अर्ध्या वर्गाकडे नाही. ऑडॅसिटी २००० सालापासून आहे, फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं, दिसायला मात्र जुनाट. मी ऑडॅसिटीच देतो. दोन खड्डे तेवढे सांगून ठेवतो. एक, फोनवरून आलेली एम-फोर-ए फाइल विंडोजवरच्या ऑडॅसिटीत उघडत नाही, त्यासाठी एफएफएमपेग नावाचा जोड वेगळा टाकावा लागतो, हे पहिल्याच तासाला करून घ्या. दुसरा, प्रोजेक्ट फाइल म्हणजे ऑडिओ नव्हे. जुन्या व्हर्जनमध्ये प्रोजेक्टची फाइल एक आणि आवाजाचं फोल्डर वेगळं असायचं, आणि एका वर्षी सबमिशनच्या रात्री माझ्याकडे नऊ जणांच्या नुसत्या फाइली आल्या, फोल्डर कुणीच पाठवलं नव्हतं, उघडलं तर आत काहीच नाही. २०२१ मध्ये आलेल्या तिसऱ्या व्हर्जनपासून सगळं एकाच फाइलमध्ये असतं, पण तरीही एमपी-थ्री करूनच मागवा. पाच मिनिटांचं मोनो वेव्ह, म्हणजे न दाबलेलं, रेकॉर्डिंग साधारण २६ एमबी होतं, तेच १२८ केबीपीएस दर्जाचं एमपी-थ्री पाचेक एमबी. आणि कच्चं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू देऊ नका, ते दाबून छोटं होतं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून.

आता ज्यावर माझ्या मते सगळं ठरतं ते, म्हणजे चिंतन, आपण काय केलं आणि का केलं याचा विचार. नुसता ऑडिओ निबंध बनवून घेतला तर तो छंदवर्ग झाला, लेखनाचा वर्ग नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या लेखन-शिक्षणात बोलणं आणि आवाज कसे मागे पडत गेले यावर तिथल्या लेखन-अभ्यासक सिंथिया सेल्फ यांनी २००९ मध्ये लिहिलं, आणि आवाजाला लेखनाच्या वर्गात परत जागा द्या म्हणणारे लोक त्याचा हवाला देतात. मला ते पटतं. पण जागा देणं म्हणजे मुलांनी आपण असं का केलं हे सांगता येईपर्यंत थांबणं, आणि तिथेच वेळ कमी पडतो.

चिंतनाचेही पर्याय आहेत. सगळ्यात प्रचलित म्हणजे शेवटी एक पानभर लेखी मनोगत. ते मी तीन वर्षं घेतलं आणि तीनही वर्षं तेच वाचलं, ‘या प्रकल्पातून मला खूप काही शिकायला मिळाले, सुरुवातीला भीती वाटली पण नंतर आत्मविश्वास वाढला.’ खोटं नसतं ते, पण त्यात निबंध कुठेच नसतो, आणि आता तर असलं पान एआय अर्ध्या मिनिटात लिहून देतं. दुसरा पर्याय बोलून मनोगत, तो जरा बरा, त्यात मुलं अडखळतात आणि अडखळल्यावर खरं बोलतात, पण मग तपासायला आणखी चाळीस फाइली.

तिसरा मला अपघाताने सापडला आणि आता मी तोच वापरतो. ऑडॅसिटीत कंट्रोल-बी दाबलं की त्या जागी लेबल लावता येतं, म्हणजे टाइमलाइनवर छोटी चिठ्ठी. मुलांनी एडिट करता करता किमान दहा लेबलं लावायची. प्रत्येक लेबल म्हणजे एक निर्णय. ‘इथे आजोबांचं खोकणं ठेवलं.’ ‘इथलं संगीत काढलं, रडवायला लावल्यासारखं वाटत होतं.’ ‘हे वाक्य शेवटून उचलून पहिलं केलं.’ शेवटी ती लेबलं टेक्स्ट फाइल म्हणून बाहेर काढता येतात, वेळेसकट. मग त्यातली तीन निवडायची आणि प्रत्येकावर पाच-सात ओळी लिहायच्या, दुसरं काय करता आलं असतं ते धरून. काम चालू असताना होणारा विचार आणि काम संपल्यावरचा विचार या दोन वेगळ्या गोष्टी, असं अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं, आणि मुलांच्या लेबलांत तो पहिला विचार अगदी ताजा सापडतो, कधीकधी चिडलेलाही. एकाने नुसतं लिहिलं होतं, ‘का ऐकवत नाही हे?’ त्या एका लेबलावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो. तिथे त्याने आईचं बोलणं कापून स्वतःचं स्पष्टीकरण घातलं होतं, आईचं वाक्य परत आणल्यावर स्पष्टीकरणाची गरजच उरली नाही.

लेखी निबंधात असं चिंतन होत नाही का? होतं, वर्डमधली प्रत्येक बदल दाखवणारी ट्रॅक चेंजेसची सोय आहेच. पण लेखीत बदल करणं इतकं स्वस्त असतं की निर्णय घेतल्याचं जाणवतच नाही. ऑडिओत एक वाक्य बदलायचं म्हणजे परत पंखा बंद, परत माईक, परत तोच सूर पकडा, त्यामुळे मूल दहादा विचार करतं.

एआयचं म्हणाल तर ऑडिओ दिला म्हणून नक्कल थांबते असं समजू नका, स्क्रिप्ट बाहेरून आणून वाचता येतेच. फरक एवढाच की ती वाचताना ऐकू येते. आणि लेबलं खोटी लावायला जेवढी मेहनत लागते तेवढ्यात खरी लागून होतात.

कुणाला ऑडिओ देऊ नये तेही बघा. तोतरं बोलणारा मुलगा, स्वतःचा आवाज वर्गात ऐकवायचा नाही अशी मुलगी, ऐकू कमी येणारं कुणी, यांच्यासाठी तेवढ्याच गुणांचा दुसरा मार्ग पहिल्या दिवशीच जाहीर करा, मागायला लावू नका. लेखी निबंध नाव झाकून तपासता येतो, आवाज झाकता येत नाही, हे विसरू नका, आणि आवाजाच्या गोडव्याला गुण ठेवू नका. प्रत्येक ऑडिओसोबत पूर्ण लिखित प्रत मागा. व्हिस्परसारखी, बोलणं ऐकून मजकूर लिहिणारी एआय साधनं ती काढून देतात पण मराठीत चुका करतात, तपासावी लागते, आणि खरं सांगायचं तर ते तपासणं हाही लेखनाचाच धडा होतो. ज्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं त्यांची परवानगी रेकॉर्डिंगच्या आधी, आणि निबंध कुठे ऐकवला जाणार ते सांगून.

तर मी काय करेन? हातात सहा आठवडे आणि वीस-पंचवीस मुलं असतील तर ऑडिओ निबंध, डोळे झाकून. गुण अर्धे निबंधाला, अर्धे लेबलं आणि चिंतनाला. पहिल्या आठवड्यात एक मिनिटाचा सरावाचा तुकडा, ज्यात एकच आवाज आणि एकच वाक्य. तीन आठवडे आणि साठ मुलं असतील तर लेखीच, आणि त्यात सुरुवातीला खोडलेला तो वाचून रेकॉर्ड करण्याचा प्रकार मधल्या मसुद्याला घुसवा. निबंध लेखीच राहतो. फक्त दुसरा मसुदा मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करायचा, ऐकायचा, आणि जिथे अडखळलो त्या वाक्यांखाली रेघ मारून तो कागद आणायचा. रेकॉर्डिंग माझ्याकडे पाठवायचंच नाही. मी फक्त रेघा बघतो, साठ जणांच्या रेघा बघायला एक तास पुरतो, आणि ‘क्रमप्राप्त’ शब्दाखाली रेघ नाही असा कागद अजून माझ्याकडे आलेला नाही.