एस-9 चं फर्मवेअर: वेबपेजवरून की एसडी कार्डाने?

अँटमायनर एस-9, म्हणजे बिटकॉइन काढायचं जुनं मशीन, अजून कोण चालवतं, असं विचाराल तर मी चालवतो, तीन आहेत. 2024 च्या एप्रिलपासून ब्लॉकमागे (व्यवहारांच्या एका गठ्ठ्यामागे) 3.125 बिटकॉइनच सुटतात, त्यातून नफ्यावर 30 टक्के कर, वर विजेचं बिलही वजा करता येत नाही. हा हिशेब घरचे रोज ऐकवतात, तुम्ही नका ऐकवू. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग होते. ते विकले, शेड आणि थ्री-फेज कनेक्शन राहिलं, त्यात ही मशीनं बसली.

फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, बदलताना मी दोन्ही वाटांनी गेलोय. मशीनच्याच वेबपेजची वाट सुखाची, यात वाद नाही. लॉगिन करा, फाइल चढवा, सेटिंग ठेवायची खूण करा, चहा घ्या. पूल (अनेकांनी मिळून बिटकॉइन काढायचा गट) आणि वर्करचं (त्यातल्या आपल्या मशीनचं) नाव पुन्हा टाकायची कटकट नाही.

पण आमच्याकडची लाईट! मे महिन्यातली दुपार होती. अपग्रेड दाबलं आणि शेजारच्या मागांचा खटखटाट एकदम थांबला. दोन सेकंदांत परत सुरू झाला. लाईटीने नुसता डोळा मारला, पण नवं फर्मवेअर नँडवर, म्हणजे आतल्या मेमरीवर, अर्धवटच उतरलं होतं. माझ्या मशीनचे पंखे फुल्ल स्पीडला गरगरू लागले आणि नेटवर्कवरची मशीनं शोधणाऱ्या आयपी स्कॅनरमध्ये त्याचा पत्ता दिसेना. शेजारचा कामगार डोकावून म्हणाला, "काय मालक, तुमच्या मशीनचा पण दोरा तुटला का?" तुटलाच होता. तो जोडायला शेवटी एसडी कार्डच लागलं.

यूपीएस लावा, असं सांगतील. तेराशे वॅट ओढणारं मशीन घरगुती इन्व्हर्टरवर कसं चालेल? हॅशबोर्डांच्या (आकडेमोड करणाऱ्या, वीज खाणाऱ्या पाट्यांच्या) नऊ वायरी उपसून फक्त कंट्रोल बोर्ड, म्हणजे मशीनचा मेंदू, चालू ठेवला तर जमतं, मी केलंय. पण नऊ वायरी उपसायच्याच असतील तर मग कार्ड काय वाईट?

कार्डाचे त्रास सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. कंट्रोल बोर्ड बाहेर काढावा लागतो. जेपी-4 चा जंपर (मशीन आतल्या मेमरीवरून सुरू व्हायचं की कार्डावरून, हे ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी) चिमट्याने सरकवायचा, तोही आमच्या शेडमध्ये सुताच्या तंतूंनी माखलेला. जुनंच फर्मवेअर कार्डावरून परत बसवलं असेल तर जंपर जागेवर आणायला विसरू नका. मी विसरलो आणि अर्धा तास मशीनलाच शिव्या घातल्या. पण ब्रेन्स ओएस हे दुसऱ्या कंपनीचं फर्मवेअर कार्डावरूनच चालवलं तर आतल्या मेमरीला धक्का लागत नाही. मधेच लाईट गेली तर गेली, आली की पुन्हा कार्डावरून बूट होतं. नाही पटलं तर कार्ड काढा, जंपर मागे घ्या, जुनं फर्मवेअर तिथंच असतं.

तुमच्याकडे लाईट दिवसभर हलत नसेल तर वेबपेज खुशाल वापरा, मी अडवणार नाही. नव्या मॉडेलांत काही बोर्डांना कार्डाची खाचच नसते, तिथे माझा सल्ला चालणार नाही. एस-9 असेल आणि सोलापूरचा उन्हाळा असेल, तर मी तरी कार्डच घेईन.

फक्त दुकानदार देईल ते 64 जीबीचं कार्ड घेऊ नका. ते एक्सफॅट नावाच्या फॉरमॅटमध्ये येतं, मशीन त्याला विचारतच नाही. जुन्या मोबाईलमधलं 8 जीबीचं शोधा, फॅट32 करून घ्या.