ओपनएसएसएलमध्ये कनेक्शनवर नजर: इन्फो कॉलबॅक, मेसेज कॉलबॅक की रिटर्न व्हॅल्यू?

टीएलएस कनेक्शन (म्हणजे कूटबद्ध, सुरक्षित जोडणी) कुठल्या टप्प्यावर आहे, हे ओपनएसएसएल या लायब्ररीकडून काढून घ्यायचे तीन रस्ते आहेत. इन्फो कॉलबॅक लावा, मेसेज कॉलबॅक लावा, नाहीतर रीड-राइट काय परत देतात ते बघून एरर कोड विचारा. बहुतेक जण पहिल्यापासून सुरुवात करतात, कारण मॅन्युअलमध्ये त्याचा तयार नमुना मिळतो. माझा कल तिसऱ्याकडे आहे. पण पहिला रस्ता अगदीच टाकाऊ नाही.

इन्फो कॉलबॅक म्हणजे हँडशेक (कनेक्शन उभारताना दोन्ही बाजूंची सुरुवातीची देवाणघेवाण) एक पायरी सरकला की लायब्ररी तुमच्या फंक्शनला हाक मारते. हातात तीनच गोष्टी येतात: कनेक्शनचा पॉइंटर, घटनेचा प्रकार आणि एक आकडा. स्वतःचा डेटा आत न्यायचा असेल तर तो आधीच त्या कनेक्शनच्या एक्स-डेटामध्ये (तुमच्या डेटासाठी राखलेल्या जागेत) ठेवावा लागतो. प्रकार हा बिटमास्क (एकाच आकड्यात अनेक खुणा) असतो, त्यामुळे थेट बरोबरी करून तपासलात तर निम्म्या घटना निसटतील. इन्फो कॉलबॅकची खरी कमाई अलर्टमध्ये, म्हणजे चूक किंवा निरोप कळवणाऱ्या संदेशात, आहे. आकड्याचा वरचा बाइट अलर्टची पातळी सांगतो आणि खालचा कारण; ४८ आला तर प्रमाणपत्र देणारी संस्था ओळखीची नाही. सोबतच्या रीड किंवा राइट बिटवरून समोरच्याने आपल्याला नाकारलं की आपण त्याला, हेही कळतं. प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये एवढी एक ओळ असली तरी बरीच रात्र वाचते.

आता खड्डे. नॉन-ब्लॉकिंग (कॉल अडकवून न ठेवणाऱ्या) सॉकेटवर डेटाची वाट बघायला हँडशेक थांबला, तरी ‘एक्झिट’ची घटना ऋण आकडा घेऊन येते. ती चूक समजून कनेक्शन बंद केलंत तर धडधाकट कनेक्शन मारलंत. दुसरा खड्डा टीएलएस १.३ चा. यात सेशन तिकीट (पुढच्या वेळी लवकर जोडण्यासाठी) आणि की अपडेट (किल्ली बदलण्यासाठी) हे संदेश हँडशेक संपल्यावर येतात. ओपनएसएसएलचा सर्व्हर पूर्ण हँडशेकनंतर मुळातच दोन तिकिटं पाठवतो. २०१८ मध्ये आलेल्या ओपनएसएसएल १.१.१ मध्ये अशा प्रत्येक देवाणघेवाणीला ‘हँडशेक सुरू’ आणि ‘हँडशेक संपला’ असे इशारे मिळत. रीनिगोशिएशन (चालू कनेक्शनवर पुन्हा हँडशेक) अडवण्यासाठी ज्यांनी हाच कॉलबॅक वापरला होता, त्यांचा प्रोग्रॅम मग चांगली कनेक्शनंही तोडू लागला. पुढच्या वर्षी १.१.१बी मध्ये ते इशारे काढून टाकले. मीही एकदा ‘सुरू’ मोजून रीकनेक्टचा आलेख काढला होता. आलेख सुंदर होता, आकडे खोटे.

तिसरा खड्डा सगळ्यात फसवा. टीएलएस १.३ मध्ये क्लायंटकडूनही प्रमाणपत्र मागितलेलं असेल, तर सर्व्हरने ते तपासायच्या आधीच क्लायंटचा हँडशेक संपलेला असतो. ‘हँडशेक संपला’ बघून तुम्ही हिरवा दिवा लावता आणि नकाराचा अलर्ट पहिल्या रीडला येऊन आदळतो.

मेसेज कॉलबॅकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो प्रत्येक प्रोटोकॉल संदेशाचे कच्चे बाइट आणि दिशा देतो, आणि तुमचा स्वतःचा पॉइंटरही सोबत आणतो; एवढं सुख इन्फो कॉलबॅकमध्ये नाही. पण प्रत्येक रेकॉर्डच्या हेडरलाही तो हाक मारतो, त्यामुळे डेटाचा ओघ सुरू झाला की नुसता गोंगाट. विचित्र क्लायंटचं शवविच्छेदन करायला उत्तम, कायमचा लावून ठेवायला नाही. कोड लिहिण्याआधी दोन्हींची चव घ्यायची असेल तर ओपनएसएसएलच्या एस_क्लायंट कमांडला आधी ‘स्टेट’ आणि मग ‘एमएसजी’ हा पर्याय देऊन बघा.

राहिली रिटर्न व्हॅल्यू. दिसायला रुक्ष, पण ‘कनेक्शन अजून आहे का’ या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ हीच जाते. समोरच्याने रीतसर क्लोज नोटिफाय पाठवून निरोप घेतला तर ‘झीरो रिटर्न’ मिळतो. निरोप न घेता टीसीपी बंद केलं तर १.१.१ मध्ये ‘सिसकॉल’ एरर येत असे आणि एररनो (सिस्टिमचा एरर आकडा) शून्य. ३.० पासून तीच गोष्ट ‘एसएसएल’ एरर म्हणून येते, ‘अनपेक्षित ईओएफ’ (डेटाचा अचानक शेवट) असं कारण लावून. जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना इथे हमखास ठेच लागते. उलट इन्फो कॉलबॅकला अशा मूक निरोपात समोरच्याचा अलर्ट दिसतच नाही, कारण तो आलेलाच नसतो.

आणि कुणी केबलच उपटली तर तिघेही गप्प. रीड नुसतं वाट बघत बसतं. टीसीपी कीपअलाइव्ह (समोरचा जिवंत आहे का याची अधूनमधून चाचणी) मुद्दाम चालू करावा लागतो, आणि लिनक्सवर त्याची पहिली चाचणीही मुळात ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तेव्हा स्वतःचा टाइमआउट किंवा ॲप्लिकेशनच्या पातळीवरचा पिंग लागणारच.

नवा कोड लिहीत असाल तर स्टेट मशीन (कनेक्शनच्या टप्प्यांचा हिशेब) रिटर्न व्हॅल्यूवर उभं करा आणि इन्फो कॉलबॅकला फक्त अलर्ट लॉगमध्ये टाकायचं काम द्या. त्याच्या आतून कनेक्शन फ्री (मेमरीतून मोकळं) करू नका. कॉलबॅक संपल्यावर लायब्ररी त्याच ऑब्जेक्टकडे परत येणार असते. आधीचा कोड ‘हँडशेक संपला’वर विसंबून असेल तर सगळं उपटायची गरज नाही, पण सर्व्हरचं पहिलं उत्तर हाती येईपर्यंत हिरवा दिवा रोखून धरा.