चेनचं हार्वेस्टर की टायरचं? बेळगाव-खानापूरच्या शिवारासाठी

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात काढून त्याच रानात मसूर पेरायचा असेल, तर टायरचं हार्वेस्टर बांधावरूनच परत पाठवा. कारण कापणीचं नाही, पुढच्या पेरणीचं आहे. इथला मसूर, वाटाणा, हरभरा भाताच्या राहिलेल्या ओलीवर येतो. चौदा फुटी कटरबारचं (पीक कापणारा पुढचा पट्टा), 100 अश्वशक्तीच्या आसपासचं मशीन दाण्याची टाकी भरून ओल्या काळ्या रानात फिरलं की सगळं वजन चार टायरांवर येतं. खोल चाकोऱ्या पडतात, खालची माती दबते, आणि रान वाफशावर येईपर्यंत वरची ओल उडून जाते. चेनच्या मशीनला टायरांऐवजी रबरी चेन असते, तिच्यावर तेच वजन लांब पट्ट्यावर पसरतं. बल्लारी नाल्याचं पाणी उशिरा ओसरणाऱ्या रानात तर दुसरा मार्गच नाही.

चेनच्या मशीनचे तोटेही शेतकरी मोकळेपणानं सांगतात. कटरबार जेमतेम सात फुटी, त्यामुळं काम हळू. जागेवर वळताना कोपऱ्यातली माती उकरली जाते. एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायला लॉरी लागते. भाडं बहुधा तासावर असतं, म्हणून पीक आडवं पडलेलं असलं की बिल फुगतं. अशा वेळी आधीच एकरावर ठरवून घ्यावं.

पण खरा फरक आत, मळणीत आहे. टायरच्या बऱ्याच मशीनमध्ये मळणीचा ड्रम आडवा असतो आणि त्यामागं पेंढा झटकणारे स्ट्रॉ वॉकर. पेंढा कोरडा असेल तर ते चोख काम करतात. परतीच्या पावसात भिजलेला पेंढा मात्र गोळ्यानं पुढं सरकतो आणि दाणे घेऊनच मागून बाहेर पडतो. भाताच्या चेनवाल्या मशीनमध्ये बहुधा अक्षीय ड्रम असतो. पेंढा त्याच्याभोवती गोल फिरत शेवटापर्यंत जातो, आणि दाण्याला जाळीतून खाली पडायला जास्त वेळ मिळतो. ओल्या भाताला हीच रचना उजवी.

तिची किंमत म्हशी मोजतात. एवढा फिरल्यावर पेंढा तुटतो, त्याच्या पेंढ्या बांधता येत नाहीत. जांबोटी, नंदगडकडं ज्यांच्या गोठ्यात जनावरं आहेत ते याच कारणानं हार्वेस्टरवर नाराज आहेत, आणि ती नाराजी मला रास्त वाटते. वर्षाची वैरण विकत घ्यायचा खर्च मजुरी वाचल्याच्या हिशेबात कोणी धरत नाही. निदान गोठ्यापुरतं रान तरी विळ्यानं किंवा रीपरनं (नुसती कापणी करणारं यंत्र) कापून मळणी यंत्रावर काढा.

बैलहोंगल, निपाणी, चिकोडीच्या सोयाबीनला गणित उलटं. रान कोरडं, पट्टे मोठे. तिथं टायरचं मशीन चालतं. मात्र भातावरून थेट सोयाबीनवर आलेलं मशीन तसंच रानात घालू देऊ नका. ड्रमचे फेरे कमी करायला आणि ड्रम आणि जाळी यांच्यातलं अंतर वाढवायला ड्रायव्हरला सांगा. पहिल्या फेरीनंतर टाकीतला मूठभर दाणा हातावर घ्या. डाळ झालेली दिसली तर मशीन थांबवा. सोयाबीनचं साल पातळ असतं. वरून धड दिसणारा दाणाही आतून मार खाल्लेला असला तर उगवत नाही. घरचं बी ठेवणाऱ्यानं तर जास्तच जपावं. कटरबार खाली धरलेला आहे ना, तेही बघा, नाहीतर बुडाच्या शेंगा रानातच राहतात.

मशीन विकत घेऊन भाड्यानं फिरवायचा विचार असणाऱ्या तरुणांनी दुरुस्तीचा विचार आधी करावा. शाफ्ट, बुश, पुलीचं काम बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून मिळतं. सेन्सर किंवा इंजिनचा कंट्रोलर गेला की कंपनीचा माणूस येईपर्यंत मशीन उभं, आणि सुगीचे दिवस मोजकेच. घेण्याआधी आपल्या होबळीतल्या (तालुक्यातल्या गावांच्या गटातल्या) भाड्यानं यंत्रं देणाऱ्या ‘कृषी यंत्रधारे’ केंद्रात भाड्याचा दर काय आहे, तो विचारून घ्या.

बासमती लावणाऱ्यांनी आणखी एक करावं. मशीन रानात उतरण्याआधी टाकी, दाणा वर चढवणारा एलिव्हेटर आणि ड्रमखालचा भाग उघडून रिकामा करून घ्यावा. आदल्या रानातलं जाडं भात तिथंच अडकून बसतं, आणि व्यापारी दर पाडतो तो त्याच मिसळीवरून.