जुना डंपर: यांत्रिक पंपाचा की कॉमन रेलचा?
जुना डंपर घेताना आधी इंधनपंप बघा. इनलाइन यांत्रिक पंपाच्या (प्रत्येक सिलिंडरला डिझेल ढकलणारे भाग एका रांगेत असलेल्या) इंजिनात डिझेल फवारणारं नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतं. डिझेलच्या पाइपात हवा धरली तर हातपंप मारून, पाइपचे नट ढिले करून ती जागेवरच काढता येते. धूर मात्र जास्त.

कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना (डिझेल फवारणाऱ्या भागांना) एकाच सामाईक नळीतून डिझेल देणाऱ्या पद्धतीत, दाब 1,600 बारपर्यंत, कधी त्याच्याही वर जातो. डिझेल कमी लागतं, आवाजही कमी. पण डिझेलमध्ये पाणी आलं की इंजेक्टर गेलेच समजा. आणि चालू इंजिनात या दाबाच्या पाइपचा नट ढिला करणं जिवावर बेतू शकतं! खाणीच्या धुळीत, वर्कशॉपपासून लांब, मी यांत्रिकच निवडेन.

हौद्याचं हायड्रॉलिक दोन्हींत सारखंच: उचललेल्या हौद्याखाली शिरण्याआधी टेकू लावाच, नुसत्या जॅकवर विसंबू नका.