पुरात बुडालेली पोर्शे मला २६ लाख ७५ हजारांना विकली

वकिलांनी मनाई केली आहे म्हणून दलालाचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. बाकी सगळं लिहितो, आकड्यांसकट.

गाडी २०१० ची पोर्शे बॉक्सस्टर, कापडी छताची, दोन सीटची. २.९ लिटरचं इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल, निळा रंग, जीए म्हणजे गोव्याचं पासिंग. मार्च २०२४ मध्ये घेतली. गाडीचे २६,७५,००० रुपये, त्यातले १,००,००० टोकन यूपीआयने आणि २५,७५,००० आरटीजीएसने. दलालाची दलाली ५५,००० वेगळी. विम्याचे ६८,४००. घेण्याआधी तपासणाऱ्या मेकॅनिकचे ६,०००. ही गाडी डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुरात बुडालेली होती. विमा कंपनीने तिला टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडत नाही अशी, ठरवून मूळ मालकाला पैसे दिले होते आणि गाडी भंगार म्हणून लिलावात फुंकली होती. माझ्या हातात आलेल्या एकाही कागदावर यातलं अक्षर नव्हतं.

मी काही कॉलेजातला पोरगा नाही, रंग बघून भाळायला. डिचोलीत आमचे खाणीवरचे ट्रक होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हा एकेक करून विकले. चेसिस वाकलेली असली, दार दुसऱ्या गाडीचं बसवलेलं असलं, पत्र्याखाली पुट्टी भरलेली असली तर मला दहा पावलांवरून कळतं. अपघाताची गाडी माझ्या गळ्यात कोणी मारू शकला नसता, आणि हे त्यांना माझ्याशी दोन वाक्यं बोलल्यावरच समजलं असणार. म्हणून मला पाण्याची गाडी दाखवली. पत्रा सरळ, रंग कंपनीचा, चेसिस नंबर जागच्या जागी. मेकॅनिकने स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड नाही. गाडी दाखवायच्या आदल्या रात्री कोड पुसून ठेवले की स्कॅनरवर फॉल्ट लगेच दिसत नाही. स्कॅनर लावायचा तर गाडी आधी दोन दिवस चालवायला मागा. देत नसतील तर उठून या.

हीच गाडी का, असं घरच्यांनीही विचारलं. २००९ पासूनच्या बॉक्सस्टरमध्ये पोर्शेने इंजिन बदललं. आधीच्या इंजिनांत इंटरमीडिएट शाफ्टचं (आतल्या एका मधल्या दांड्याचं) बेअरिंग फुटून अख्खं इंजिन जाण्याची भीती असायची; नव्यात तो शाफ्टच काढून टाकला. त्यात मॅन्युअल. जाणकार संग्राहक शोधतात ती हीच. नीट कागदपत्रांसह ठेवली तर किंमत टिकते, पुढे वाढतेही. म्हणजे मी चैन केली नव्हती, निवृत्तीच्या पैशातून विचार करून घेतलेली वस्तू होती.

आता तो क्षण. पर्वरीतल्या एका गॅरेजच्या शेडमध्ये मी ड्रायव्हरची सीट पुढे सरकवली. सीटच्या रुळाचे बोल्ट गंजलेले. वरचा कार्पेट मात्र कोरा, त्याला अजून गोंदाचा वास. मी विचारलं, "हे काय?" दलाल हसला आणि म्हणाला, "पात्रांव, गोंयची हवा न्हय ही? जंग धरतलोच."

इथे राहणाऱ्या कुणाला हे पटणार नाही सांगा. आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, गेटच्या बिजागऱ्या गंजतात, स्कूटरचे नट गंजतात. मी मान डोलावली. पण खारी हवा बाहेरून खाते. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, दाराच्या कडा आधी जातात. त्या गाडीचा सायलेन्सर स्वच्छ होता आणि आत, कार्पेटखाली, जिथे हवा पोचत नाही तिथले बोल्ट गंजले होते. बाहेर गंज नाही आणि आत आहे, याचा अर्थ पाणी आत उभं होतं. हे आज लिहिताना माझ्या हाताला घाम फुटतो आहे. दोन्ही गोष्टी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, दहा मिनिटांच्या अंतराने.

मी तरी पुढे विचारलं होतं, हे लक्षात घ्या. सीटखालची इलेक्ट्रॉनिक पेटी नवीन का आहे, कार्पेट नवीन का आहे. त्यावर विक्रेत्याने दिलेलं उत्तर इतकं तयारीचं होतं की कुणालाही खरं वाटावं. बॉक्सस्टरच्या कापडी छताच्या कडेला पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. त्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत शिरतं आणि सीटखालची पेटी जाते. हे या गाडीचं जगभर माहीत असलेलं दुखणं आहे, मी स्वतः वाचलेलं होतं. तो म्हणाला, "पावसात एकदा नळी तुंबली, पेटी बदलली, कार्पेट बदललं, विषय संपला." खऱ्या दुखण्याच्या आड त्याने खोटं लपवलं. गाडीची माहिती नसलेला माणूस कदाचित घाबरून पळाला असता. मला माहिती होती म्हणून मी थांबलो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. जो भाग नेहमी गुंडाळीत असतो तिथे गाळाची रेघ राहते. ती कोणी धूत नाही.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि गाडी बोलू लागली. आधी एअरबॅगचा दिवा. मग छत अर्ध्यावर अडकलं. मग एका सकाळी चावी ओळखेना. अधिकृत वर्कशॉपमध्ये टेम्पोवर घालून पाठवली, त्या टेम्पोचे ३८,०००. त्यांनी वायरिंगच्या जोडांचे फोटो पाठवले, सगळे हिरवे पडलेले. अख्खं वायरिंग आणि कंट्रोल युनिट मिळून अंदाजपत्रक १४,८२,००० रुपये, तेही "आणखी काही निघालं तर वेगळं" असं लिहून. मग त्यांनी चेसिस नंबरवरून जुनी नोंद काढली. जानेवारी २०१६, चेन्नई, पाणी शिरल्याचं अंदाजपत्रक, शेरा: काम केलं नाही. हीच नोंद मी गाडी घेण्याआधी मागितली होती तेव्हा "मालकाच्या संमतीशिवाय देता येत नाही" असं उत्तर आलं होतं. म्हणजे नियम असा की फसल्यावरच कळेल. त्यावरचा उपाय: टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून वर्कशॉपच्या नावे संमतीचा ईमेल पाठवून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

चेन्नईचा तो पूर आठवत असेल. चेंबरमबक्कम तलावातून पाणी सोडलं, अडयार नदी फुगली, विमानतळसुद्धा काही दिवस बंद होता. तळघरातल्या पार्किंगमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला रक्कम देते आणि गाडी लिलावात काढते. गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं असं मोटार वाहन कायद्याचं ५५ वं कलम सांगतं. पण लिलावात घेणारा ती पुन्हा चालू करणारच असतो, त्यामुळे आरसी जिवंत राहते. मग एनओसी, मग दुसरं राज्य, मग नवा नंबर. माझ्या गाडीला जीए नंबर लागला तेव्हा तमिळनाडूचा नंबर आरसीवरून गेलाच. मला फक्त "तिसरा मालक" एवढं दिसलं, आणि पहिला मालक बंगळुरूचा डॉक्टर असल्याचं तोंडी सांगितलं गेलं.

अमेरिकेत निदान याला सॅल्व्हेज टायटल, म्हणजे भंगारात गेलेली गाडी, म्हणून शिक्का असतो. मालकीच्या कागदावरच बसतो. दुरुस्त करून तपासणी करून घेतली तरी "रीबिल्ट" असा शिक्का राहतो, आणि विमा कंपन्यांना, भंगारवाल्यांना केंद्रीय नोंदवहीत कळवावं लागतं. तिथेही एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन शिक्का धुणारे आहेतच. पण पकडायला काहीतरी आहे. तिथे शिक्क्याची साधी गाडी साधारण २० ते ४० टक्क्यांनी उतरते असं धरतात. आपल्याकडे शिक्काच नाही, म्हणून गाडी पूर्ण भावाने विकली जाते आणि सगळी घट शेवटच्या माणसाच्या अंगावर येते.

संग्राहकाच्या गाडीत ही घट आणखी खोल जाते, आणि हे कुणी समजावत नाही. कामावर जायला आल्टो घेणारा म्हणतो, चालते ना, मग दे स्वस्तात. बॉक्सस्टर घेणारा चालण्यासाठी घेतच नाही. तो सलग इतिहासाचे पैसे देतो: सर्व्हिस बुक, मूळ वायरिंग, मूळ कार्पेट, एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचे कागद. टोटल लॉसने तो धागा तुटतो आणि १४,८२,००० खर्च केले तरी जोडला जात नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने जानेवारी २०१६ चं अंदाजपत्रक वाचून मला ९,००,००० सांगितले, सुट्या भागांसाठी. त्याची चूक नाही. मीही तेवढेच दिले असते.

मी भांडायला गेलो तेव्हा दलालाने काय ऐकवावं? ऑगस्ट २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात मॉन्टेरीच्या लिलावात १९५४ ची जळालेली फेरारी ५०० मोंडियल १८,७५,००० डॉलरला गेली, म्हणून "कलेक्टर गाडीला डॅमेजने फरक पडत नाही". ती बातमी खरी आहे. पण ती फेरारी मोजक्या गाड्यांपैकी एक, शर्यतीचा इतिहास असलेली, आणि तिचा जळका सांगाडा सगळ्यांसमोर जळका म्हणून ठेवला होता. घेणाऱ्याला माहीत होतं तो काय घेतो आहे. हजारोंनी बनलेली बॉक्सस्टर कोरं कार्पेट घालून विकणं आणि ते, हे एकच आहे असं तोंडावर सांगायची हिंमत होते, कारण पुढे काही होत नाही हे या लोकांना पक्कं माहीत आहे.

आणि खरंच काही होत नाही. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "बघून घेतली होती ना?" दुसरं: "ही दिवाणी बाब आहे." व्हॉट्सॲपवर "शंभर टक्के नॉन-ॲक्सिडेंटल, नळी तुंबण्यापलीकडे काही नाही" असं लिहिलेलं दाखवलं, तर विक्रेत्याच्या बाजूने हवालदारच बोलू लागला, की पाणी शिरणं म्हणजे अपघात नव्हे. मुद्दाम लपवणं ही फसवणूक आहे हे १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमात लिहिलं आहे, ते मी प्रिंट काढून नेलं होतं. ते टेबलावरच राहिलं. मग वाद निघाला की व्यवहार मार्चचा म्हणजे जुनं ४२०, आणि तक्रार ऑगस्टची म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचा नवा फौजदारी कायदा, तर लावायचं कोणतं? गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, हे मला, ट्रकवाल्याला, त्यांना सांगावं लागलं. "साहेब आल्यावर बघू." साहेब आले, बदलून गेले, नव्या साहेबांना फाइल सापडेना.

परिवहन कार्यालयात म्हणाले, कागद बरोबर आहेत. बरोबर आहेतच, तेच तर माझं म्हणणं आहे! जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी अधिकृतपणाचं प्रमाणपत्र घ्यावं असा केंद्राचा नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. या दलालाकडे ते आहे का, एवढाच प्रश्न विचारला. खिडकीवरच्या बाईंनी दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, तिथून लेखी द्या म्हणाले, लेखी दिलं तर पोच द्यायला नकार. चेन्नईच्या विमा कंपनीने दाव्याची माहिती गोपनीय असल्याचं कळवलं. गाडी माझी, चेसिस नंबर माझ्या नावावर, पैसे माझे गेले, आणि गोपनीयता कुणाची सांभाळायची? माझ्या आत्ताच्या विमा कंपनीने गंज हा झिजेत मोडतो म्हणून दावा फेटाळला. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरतं खरं सांगितलं आणि मला पुढच्या टेबलाकडे ढकललं.

विक्रेत्याने पॉलिसीवर ५० टक्के नो क्लेम बोनस (दावा न केल्याची सूट) दाखवला होता, त्यावरही जाऊ नका. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. आधीच्या गाडीवरून आणता येतो. त्याऐवजी सगळ्या वर्षांच्या पॉलिसी मागा आणि खंड शोधा. माझ्या गाडीची २०१६ ची पॉलिसीच नव्हती, "हरवली" म्हणाले. आणि करारात "आहे त्या स्थितीत" असं असेल तर त्याखाली हे हाताने लिहून सही घ्या: पूर, आग, अपघात यांपैकी कशासाठीही टोटल लॉसचा दावा झालेला नाही.

दलाली मी यूपीआयने दिली, ते ५५,००० आता माझा पुरावा आहेत. दलाल ग्राहक कायद्याखाली सेवा देणारा ठरतो, असं वकिलांचं म्हणणं आहे. नोटिशीचे ७,५०० दिले, जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल झाली आहे. ५० लाखांपर्यंतचा व्यवहार तिथे चालतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. ज्यांचे अशाच व्यवहारात पैसे गेले आहेत त्यांनी दोन वर्षं उलटू देऊ नका.

गाडी मी विकणार आहे, जानेवारी २०१६ चं अंदाजपत्रक जाहिरातीतच लावून. आणि त्याच शेडमध्ये सध्या एक पांढरी दोन सीटची जर्मन गाडी उभी आहे, तीही बाहेरून आलेली, तीही कोऱ्या कार्पेटची. बघायला जाणार असाल तर काचेच्या कडेला दिसणारा चेसिस नंबर उतरवून घ्या आणि तो विक्रेत्याच्या संमतीसह वर्कशॉपला कळवून उत्तर येईपर्यंत एक रुपया टोकन देऊ नका.