लायब्ररी ऑफ काँग्रेसचं फोटो कलेक्शन: १९३० च्या दशकातला अमेरिकन दुष्काळ, फुकटात

रेटिंग ५ पैकी साडेचार.

फार्म सिक्युरिटी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाचं एक सरकारी खातं होतं, त्याच्या फोटोग्राफर्सनी मंदीच्या काळात देशभर हिंडून काढलेले फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या, साइटवर आहेत. १९३५ ते १९४४ चा काळ, नुसत्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हच पावणेदोन लाखांच्या आसपास. बघायला लॉगिन नको की पैसे नको, आणि सरकारी कामाचे फोटो असल्यामुळे कॉपीराइटची कटकट जवळपास नाहीच. यातलेच फोटो पोस्टर म्हणून विकणाऱ्या साइट्स ढीगभर आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

आता गंमत अशी की बहुतेक लोक इथे येतात, यातल्याच एक फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा 'मायग्रंट मदर' हा मजूर आईचा फोटो बघतात आणि जातात. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. फोटो जबरदस्त आहे, वादच नाही. पण धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमातून हुसकावलेली बाई म्हणून तो जो सगळीकडे फिरतो ना, ते खरं नाही, ती १९२० च्या दशकातच कॅलिफोर्नियात आली होती, वादळं सुरू व्हायच्या कितीतरी आधी. म्हणून सांगतो, फेमस नावांनी शोधू नका, काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) टाकून शोधा.

ओक्लाहोमाच्या पार पश्चिम टोकाची सिमरॉन काउंटी घ्या. एप्रिल १९३६, फोटोग्राफर आर्थर रॉथस्टाइन. बाप आणि दोन पोरं वादळात वाकून चाललेत, धाकटा मागे राहिलाय आणि त्याने हात डोळ्यांवर धरलाय, हा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिलेला असणारच. तिथे थांबू नका, शेजारच्या नंबरचे फोटो उघडत जा. एकात एक शेतकरी कुंपण वर उचलतोय, कारण वाळू साठून साठून कुंपणच गाडलं जायला लागलंय. मला तर हा त्या फेमस फोटोपेक्षा भारी वाटतो. गाव सोडून जाणारा माणूस कुंपण कशाला वर घेईल? आणि खरंच, त्या भागातले बहुतेक लोक गेलेच नाहीत, धूळ खात तिथेच राहिले.

थोडं बॅकग्राउंड माहीत असेल तर हे फोटो जास्त बोलतात. पहिल्या महायुद्धात सरकारने गव्हाला बुशेलमागे (साधारण २७ किलो) २ डॉलरच्या वर भाव बांधून दिला, मग काय, लोकांनी माळरानाचं गवत उलथून टाकून दिसेल तिथे गहू पेरला. १९३१ ला पीक तर भरघोस आलं, पण मंदीने भाव झोपला, १९३२ ला देशाचा सरासरी भाव ३८ सेंट. हप्ते तर भरायचेत, म्हणून आणखी जमीन नांगरली, आणि नेमका पाऊस गेला. उघडी पडलेली माती उडायला लागली. म्हणजे भाव आधी गेला आणि पाऊस नंतर, हे फार कमी लोक सांगतात.

दुसरं टोक बघायचं तर टेक्सासची चिल्ड्रेस काउंटी, जून १९३८, परत लँगच. रिकामं घर आणि नांगराचे तास पार घरापर्यंत आलेले. इथे प्रश्न कापसाचा. भाव वाढावा म्हणून सरकार पेरा कमी करायचे पैसे देत होतं, पैसे गेले मालकांकडे, त्यातून आले ट्रॅक्टर आणि वाट्याने कसणारी कुळं रस्त्यावर. ओक्लाहोमातून कॅलिफोर्नियाला गेलेल्यांमध्ये अशी कापूसवालीच जास्त होती, सिमरॉनचे गहूवाले कमी.

काही फोटोंत मधोमध काळा गोल ठिपका दिसेल, फाइल खराब झाली असं समजू नका. या फोटोग्राफर्सचे विभागप्रमुख रॉय स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हला सरळ पंचने भोक पाडायचे! चांगल्या चांगल्या फोटोंची वाट लावली या माणसाने, पण लायब्ररीने तेही स्कॅन करून ठेवलेत. रॉथस्टाइनचा साउथ डकोटातला गुराच्या कवटीचा फोटोही बघा, एकच कवटी वेगवेगळ्या जागी. ती थोडी हलवून फोटो काढले म्हणून १९३६ च्या निवडणुकीच्या वर्षात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या विरोधकांनी केवढा गोंधळ घातला होता. दुष्काळ खरा होता की नाही यापेक्षा कवटी कुठे होती यावर चर्चा, पॉलिटिक्स तिथेही तेच.

अर्धा स्टार कापला तो कॅप्शन्ससाठी. लायब्ररीचा दोष नाही, त्यांनी मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवलाय. पण तेव्हाच कितीतरी कॅप्शन्समध्ये माणसाचं नावच घातलेलं नाही, नुसतं शेतकरी आणि काउंटी. जमीन स्वतःची का खंडाची, बँकेचं देणं किती, काही कळत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.